कॉलेजची फी कुठून उभी करायची? कोकणातल्या विद्यार्थ्यांचे आणि पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

किनाऱ्यावरच्या एका कॉलेजच्या ऑफिसात बरीच वर्षं शिष्यवृत्तीचं टेबल मी सांभाळलं. आपल्याकडे प्रवेश नेमके अडचणीच्या दिवसांत येतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होड्या शाकारून ठेवलेल्या. आंब्याची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशोब आणि पैसे, दलालाकडून आलेली असते, पण निम्मी फवारणीच्या उधारीत गेलेली असते. त्यात कॉलेज म्हणतं, चार दिवसांत फी भरा. मग दागिने जातात, नाहीतर कलमांची बाग कराराने जाते. यातल्या कित्येक घरांना सरकारी मदत मिळण्यासारखी होती. अडलं होतं ते एखाद्या दाखल्यावर नाहीतर एखाद्या तारखेवर. मला त्या टेबलावर सतत विचारले गेलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे देतो आहे.

बारावीचा निकाल अजून लागायचा आहे. आत्ता काय करून ठेवायचं?

दाखले काढा. शिमग्याला गाव भरलेलं असतं, मुंबईची माणसं आलेली असतात, तेव्हाच सुरुवात करा. निकालानंतर सेतूच्या दारात रांग लागते, सर्व्हर बसतो आणि एकेका दाखल्याला पंधरा-पंधरा दिवस जातात. लागतं ते असं: तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, जातीचा दाखला आणि लागू असेल तर नॉन क्रिमीलेअर (मागास प्रवर्गातल्या उन्नत गटात येत नसल्याचा दाखला), खुल्या प्रवर्गातल्यांना ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल असल्याचा दाखला), रेशनकार्ड, आणि मुलाच्या स्वतःच्या नावाचं बँक खातं. व्यावसायिक कोर्सला राखीव जागेवर जायचं असेल तर जात पडताळणीचं प्रमाणपत्रही. हे सगळ्यात जास्त वेळ खातं. त्याचा अर्ज अकरावी-बारावीतच, कॉलेजमार्फत, जिल्ह्याच्या समितीकडे टाकून मोकळं व्हा.

आधार, दहावीचं प्रमाणपत्र आणि बँक खातं या तिन्हींवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतं का, ते आजच बघा. एकीकडे बापाचं नाव मध्ये, दुसरीकडे नुसतं आद्याक्षर, एवढ्यावरून अर्ज परत आलेले मी पाहिले आहेत.

आमचं उत्पन्न आंब्यावर नाहीतर बोटीवर. एक वर्ष बरं, एक वर्ष काहीच नाही. दाखल्यावर काय लिहायचं?

जे आहे ते. शेती आणि बागायतीच्या उत्पन्नावर आयकर नसला तरी दाखल्यात ते धरलं जातं. तलाठी जमीन, झाडं, धंदा बघून अहवाल देतो आणि त्यावर तहसीलदार दाखला देतात. बोटीवर खलाशी म्हणून जाणाऱ्याने वाटा किती येतो ते सांगावं. घरातल्या नोकरदाराचा फॉर्म १६ जोडावा.

दोन बाजूंच्या चुका होतात. कुणी भीतीपोटी फार कमी आकडा टाकतं, मग बँकेत कर्जाला गेल्यावर तोच कागद आडवा येतो. तर कुणी गावात मान राहावा म्हणून आकडा फुगवतं आणि सवलतीच्या बाहेर पडतं. दुसरी चूक मी जास्त पाहिली, आणि तिचं दुःखही जास्त होतं.

एक लक्षात ठेवा: नॉन क्रिमीलेअर आणि उत्पन्नाचा दाखला हे वेगवेगळे कागद आहेत, त्यांची मोजणीही वेगळी. एक आहे म्हणून दुसरा लागणार नाही असं समजू नका.

सातबारा सामाईक आहे. आजोबांच्या नावानंतर वीस-पंचवीस नावं, त्यातली निम्मी मुंबईत. मग आम्ही मोठे जमीनदार ठरतो का?

कोकणात हा प्रश्न घरोघरी. उताऱ्यावर सहा एकर दिसते आणि प्रत्यक्षात वाट्याला वीस गुंठे येतात. आपल्या कुटुंबाचा हिस्सा किती, हे वंशावळ आणि स्वयंघोषणापत्र देऊन तलाठ्याला दाखवा, आणि अहवालात हिश्श्याचा उल्लेख करायला सांगा. याचं महत्त्व दोन ठिकाणी. केंद्र सरकारच्या संस्थांसाठी जो ईडब्ल्यूएस दाखला लागतो, त्यात ५ एकर किंवा जास्त शेतजमीन असलेलं कुटुंब बसत नाही. आणि वसतिगृह भत्त्यासाठी अल्पभूधारक असल्याचा दाखला लागतो, तिथे तर लहान हिस्सा हीच तुमची पात्रता.

आम्ही डोंबिवलीला राहतो, गाव राजापूर तालुक्यात. जातीचा दाखला कुठून काढायचा?

बहुतेकदा गावाकडून. त्या-त्या प्रवर्गासाठी ठरलेल्या तारखेला तुमचं घराणं जिथे राहत होतं, तिथला उपविभागीय अधिकारी म्हणजे प्रांत दाखला देतो. अनुसूचित जातींसाठी ही तारीख १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, आणि ओबीसी व विशेष मागास प्रवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. तेव्हा आजोबा-पणजोबांचा पुरावा शोधायचा: मराठी शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा, जन्म-मृत्यूची जुनी नोंद, जुनं खरेदीखत. कुणबी आणि भंडारी घरांचे पुरावे बहुधा शाळेच्या रजिस्टरात सापडतात. गणपतीला गावी आलात की एक दिवस त्यासाठी राखून ठेवा, पण आरतीच्या दिवशी शाळा बंद असते, हे धरून चला.

मुलींचं शिक्षण पूर्ण फुकट झालं म्हणतात. खरं का?

बरंचसं खरं. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक कोर्ससाठी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्कात १०० टक्के सवलत मिळते. आधी ती ५० टक्के होती. अभियांत्रिकी, औषधनिर्माण, वैद्यकीय, कृषी हे सगळं यात येतं. दापोलीच्या कृषी विद्यापीठात जायचं म्हणणाऱ्या मुलीच्या आईवडिलांनी हे नीट वाचावं.

अटी मात्र पक्क्या आहेत. प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅप फेरीतून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला सवलत नाही, खासगी अभिमत आणि खासगी विद्यापीठांनाही नाही. आणि 'पूर्ण फुकट' म्हणजे शिक्षण व परीक्षा शुल्क. विकास निधी, खोली, खानावळ, पुस्तकं, एसटीचा पास हे घरातूनच जातं. दर वर्षी किमान एक घर तरी ही बातमी अर्धी ऐकून निर्धास्त राहतं आणि ऑगस्टमध्ये धावाधाव करतं.

मुलगा आहे, खुल्या प्रवर्गातला. त्याला काहीच नाही?

आहे. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, ऑफिसात सगळे ईबीसी म्हणतात ती. उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल आणि कॅपमधून प्रवेश असेल तर खासगी विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजात निम्मं शिक्षण शुल्क सरकार भरतं. कुटुंबातल्या दोनच अपत्यांना मिळते.

अभियांत्रिकीला जाणाऱ्यांनी टीएफडब्ल्यूएस जागाही बघाव्यात. मंजूर जागांच्या वर ५ टक्के जागा असतात आणि त्यांवर शिक्षण शुल्कच माफ. उत्पन्नाची मर्यादा तीच, ८ लाख. जागा गुणवत्तेवर भरतात, म्हणून कॅपचा पर्याय अर्ज भरताना या जागांचे कोड वेगळे टाकावे लागतात. मुलं नुसतं कॉलेजचं नाव बघून कोड टाकतात आणि ही संधी हातची घालवतात.

अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागास प्रवर्गांसाठी काय आहे?

अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना, उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असेल तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते. त्यात फीसोबत निर्वाह भत्ताही असतो. अनुसूचित जातीच्या घरचं उत्पन्न त्याहून जास्त असलं तरी फ्रीशिप म्हणजे फीमाफी आहे, फक्त निर्वाह भत्ता नाही. विमुक्त-भटक्या आणि विशेष मागास प्रवर्गाला नॉन क्रिमीलेअरच्या मर्यादेत पूर्ण शिक्षण शुल्क, ओबीसी मुलांना निम्मं. रायगडातल्या कातकरी वाड्यांवरच्या मुलांना पात्रतेची अडचण नसते, दाखल्याची असते. तिथल्या शिक्षकांनी आठवीपासूनच जातीच्या दाखल्याच्या मागे लागावं, ही माझी कळकळीची विनंती आहे.

या सगळ्यांचा अर्ज राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर करायचा. अर्ज दर वर्षी भरावा लागतो, पुढच्या वर्षांसाठी नूतनीकरण म्हणून.

फी सुटली, पण पुण्या-मुंबईत राहायचं कसं?

खरा खर्च इथेच. सरकारी वसतिगृहासाठी समाजकल्याण आणि आदिवासी विकास विभागाकडे अर्ज करा. तिथे जागा नाही मिळाली तर अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयंम आणि ओबीसी, विमुक्त-भटक्यांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. भोजन-निवासाचे पैसे खात्यावर येतात. खुल्या प्रवर्गातल्या अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. ईबीसी मिळत असेल तर तिच्याबरोबर याचाही अर्ज करा.

पुण्यात विद्यार्थी साहाय्यक समितीसारख्या संस्था आहेत. ती १९५५ पासून ग्रामीण मुलामुलींची राहण्या-जेवणाची सोय करते आहे. तिथे मुलाखत असते, घरची परिस्थिती बघतात आणि मुलांना कामही करावं लागतं. मुंबईत गावाचं ग्रामस्थ मंडळ किंवा ज्ञातीचा ट्रस्ट असेल तर लाजू नका, पत्र लिहा. रक्कम लहान असते, पण पहिल्या महिन्याच्या खानावळीची सोय झाली तरी मूल टिकतं.

केंद्र सरकारचं वेगळं काही आहे का?

राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर दोन गोष्टी नक्की बघा. बारावीला बोर्डाच्या वरच्या २० टक्के विद्यार्थ्यांत असाल आणि उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल तर पदवीच्या पहिल्या तीन वर्षांत दर वर्षी १२ हजार आणि पदव्युत्तरला २० हजार. दुसरी, तांत्रिक पदविका किंवा पदवीला जाणाऱ्या मुलींसाठी एआयसीटीई या केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेची प्रगती शिष्यवृत्ती: वर्षाला ५० हजार, उत्पन्न ८ लाखांपर्यंत, एका घरातल्या दोन मुलींपर्यंत. दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी तशीच सक्षम, आणि आईवडील दोघंही नसलेल्यांसाठी स्वनाथ. मात्र एका वेळी दोन सरकारी शिष्यवृत्त्या घेण्यावर बहुतेक ठिकाणी बंदी असते. अर्ज करण्याआधी कोणती जास्त फायद्याची ते मांडून बघा.

बाबा गवंडीकाम करतात. त्यांच्या कामामुळे काही मिळतं का?

मिळतं, आणि याची माहिती फार कमी घरांना असते. महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी असलेल्या कामगाराच्या पहिल्या दोन मुलांना शैक्षणिक मदत आहे. पदवीला वर्षाला २० हजार, अभियांत्रिकीला ६० हजार, वैद्यकीयला १ लाख. नोंदणीसाठी वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. नोंदणी चालू ठेवावी लागते, नूतनीकरण चुकलं की मदत थांबते. चिरे लावणारे, गिलावा करणारे, रंगारी, सुतार, वाडीतल्या प्रत्येकाला हे सांगा.

माजी सैनिकांच्या घरांसाठी पंतप्रधान शिष्यवृत्ती योजना आहे: बारावीला ६० टक्के असतील तर मुलींना महिना ३ हजार आणि मुलांना अडीच हजार. तटरक्षक दलातून निवृत्त झालेल्यांनाही ती लागू आहे. आपल्या किनाऱ्यावर अशी घरं कमी नाहीत.

अर्ज मंजूर दाखवतो, पण खात्यात पैसे नाहीत. गेले कुठे?

बहुधा दुसऱ्या खात्यात. सरकारी पैसे अर्जात लिहिलेल्या खाते क्रमांकावर जात नाहीत, ते आधारला सगळ्यात शेवटी जोडलेल्या बँकेत जातात. याला आधार सीडिंग म्हणतात. बँकेत आधारची झेरॉक्स देणं वेगळं आणि सीडिंग वेगळं.

एका मुलीचं मला कायम वाईट वाटतं. तिची रक्कम जमा झाली होती, पण आठवीत शाळेने काढून दिलेल्या खात्यात. त्या खात्याचं पासबुक हरवलेलं आणि बँकेची ती शाखाही बंद झालेली. वर्षभर ती माझ्यापुढे उभी राहून 'सर, पैसे नाही आले' म्हणत होती आणि मी तिला 'थांब, येतील' म्हणत होतो. सीडिंग तपासायला मीच सांगायला हवं होतं. त्यानंतर अर्ज घेण्याआधी तेच पहिलं विचारू लागलो.

आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती दोन मिनिटांत कळते. चुकीची बँक दिसली तर हव्या त्या बँकेत सीडिंगचा फॉर्म भरून द्या. बँक लांब असेल तर पोस्टमन घरी येऊन पोस्ट पेमेंट्स बँकेचं आधारशी जोडलेलं खातं उघडून देतो. खाडीपलीकडच्या गावांना ही सोय फार बरी.

कॉलेज म्हणतं, आधी सगळी फी भरा, सरकारचे पैसे आले की परत देऊ. भरायची का?

सरकार जो वाटा भरणार आहे, तो प्रवेशाच्या वेळी पात्र विद्यार्थ्याकडून मागू नये, अशा सूचना आहेत. नम्रपणे, पण लेखी अर्ज द्या: मी या योजनेला पात्र आहे, दाखले सोबत जोडले आहेत, उरलेला वाटा भरतो. पोच घ्या. तोंडी बोलण्याचा काही उपयोग नसतो. विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं, तो आकडा त्यांच्या संकेतस्थळावर असतो. त्याहून जास्त मागत असतील, पावतीविना 'डोनेशन' मागत असतील, तर ते बेकायदा आहे. महाराष्ट्रात कॅपिटेशन फीवर १९८७ पासून कायद्याने बंदी आहे.

शैक्षणिक कर्ज घ्यायचं तर बाग गहाण टाकावी लागेल का?

बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही. आईवडील सहकर्जदार म्हणून सही करतात, तेवढं पुरे. ४ लाखांपर्यंत आपल्या पदरचे पैसे घालायचीही गरज नाही. त्यावर देशातल्या शिक्षणासाठी ५ टक्के आणि परदेशासाठी १५ टक्के स्वतःचे घालावे लागतात. हप्ते सुरू होतात कोर्स संपून एक वर्ष झाल्यावर, आणि फेडीला १५ वर्षांपर्यंत मुदत असते. तेव्हा तीन-चार लाखांसाठी कुणी सातबारा मागितला तर योजनेचं नाव घेऊन विचारा, कोणत्या नियमाने?

आता हिशोब. समजा चार वर्षांत दर वर्षी १ लाख उचलले आणि व्याज १० टक्के. कोर्स आणि पुढचं एक वर्ष काहीच भरलं नाही, तर सरळ व्याजानेच १ लाख ४० हजार चढतात. मग ५ लाख ४० हजारांवर दहा वर्षांचा हप्ता साधारण ७,१०० रुपये. तेच व्याज दर महिन्याला भरत गेलात, पहिल्या वर्षी ते महिना ८३३ रुपये होतं, तर हप्ता ५,३०० च्या आसपास राहतो. मी प्रत्येक बापाला सांगत आलो की काजूच्या बिया विकून आलेल्या पैशातून तेवढं व्याज भर, पोराच्या पहिल्या पगारावरचं ओझं उतरेल.

पण आधी व्याज माफ होतं का ते बघा. उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल आणि मान्यताप्राप्त संस्थेत तांत्रिक किंवा व्यावसायिक कोर्स असेल, तर कोर्स आणि पुढच्या एका वर्षाचं पूर्ण व्याज केंद्र सरकार भरतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक (सुरुवातीला ८६०) दर्जेदार संस्थांसाठी विनातारण, विनाजामीन कर्ज आहे. ८ लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याज सवलतही. आपलं कॉलेज यादीत आहे का ते आधी बघा, बहुतेक लहान कॉलेजं नसतात. ओबीसींसाठी राज्याच्या इतर मागासवर्गीय महामंडळाची व्याज परतावा योजना आहे, ती स्वतंत्रपणे विचारा.

सावकाराकडून, पतपेढीतून किंवा सोनं ठेवून फी भरायची वेळ आली असेल, तर त्याआधी एकदा तरी बँकेत लेखी अर्ज करून या. बाग कराराने देण्याची घाई तर मुळीच करू नका. कलम धरायला किती वर्षं जातात, हे तुम्हाला मी सांगायला नको.

बँक मॅनेजर 'इथे होत नाही' म्हणतात.

अर्ज लेखी किंवा विद्यालक्ष्मी पोर्टलवरून करा आणि नकाराचं कारण लेखी मागा. पुष्कळदा कारण निघतं बापाचं थकलेलं पीककर्ज किंवा बोटीचं कर्ज. तसं असेल तर आईला किंवा कमावत्या भावाला सहकर्जदार करता येईल का, ते विचारा. बँकेने तक्रारीला ३० दिवसांत उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, त्याला पैसे पडत नाहीत.

सावंतवाडीहून गोवा जवळ. तिथे प्रवेश घेतला तर? आणि मर्चंट नेव्हीला?

गोव्यातल्या कॉलेजला ईबीसी मिळत नाही, मुलींची फी सवलतही नाही. केंद्राच्या शिष्यवृत्त्या आणि बँकेचं कर्ज चालतं. हा फरक आकड्यात मांडा आणि मगच ठरवा.

मर्चंट नेव्हीच्या बाबतीत एजंटला एक रुपया देण्याआधी संस्था डी. जी. शिपिंगने, म्हणजे केंद्र सरकारच्या नौवहन महासंचालनालयाने, मान्य केलेली आहे का ते तपासा. मान्य असेल तर बँक कर्जाचा विचार करते. नसेल तर पैसे गेले समजा. किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांनी असे लाखो रुपये घालवले आहेत.

कमी खर्चाचा रस्ता कोणता?

दहावीनंतर रत्नागिरी किंवा मालवणच्या शासकीय तंत्रनिकेतनात पदविका, मग अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश. फी कमी, तीन वर्षं घराजवळ. लोणेऱ्याचं तंत्रशास्त्र विद्यापीठ, रत्नागिरीत शिरगावचं मत्स्य महाविद्यालय, सिंधुदुर्ग, रत्नागिरी आणि अलिबागची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं, हे सगळं आपल्या दारात आहे. पुण्याच्या कॉलेजचं नाव मोठं म्हणून तिकडे धावताना खोलीभाड्याचा आकडा एकदा कागदावर लिहा.

मुलांना घरचा पैशाचा हिशोब सांगावा का?

सांगावा. एक वडील आंब्याची पट्टी आणि सोसायटीच्या कर्जाची पावती घेऊन मुलीसोबत माझ्या टेबलाशी बसले होते. मुलीने सगळं वाचलं, थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, 'बाबा, टीएफडब्ल्यूएसचा कोड वर टाकूया, कॉलेज दुसरं असलं तरी चालेल.' तो निर्णय तिने घेतला, आम्ही दोघांनी फक्त फॉर्म भरला.

शंका राहिली तर कुणाकडे जायचं?

प्रथम कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात, मूळ कागद आणि दोन झेरॉक्स घेऊन, शक्यतो सकाळी. तिथे काम झालं नाही तर सहायक आयुक्त, समाजकल्याण, किंवा त्या-त्या विभागाचं जिल्हा कार्यालय. 'स्कॉलरशिप करून देतो' म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका, पासवर्ड आणि ओटीपी तर कुणालाच नाही. आणि अर्जाची छापील प्रत, पावती क्रमांकासह, घरी ट्रंकेत ठेवा. पुढच्या वर्षी नूतनीकरणाला तीच लागते.